फ्रीज नाही, गरम करायची सोय नाही: नागपुरात विद्यार्थ्याने डब्यात काय न्यावं?

तू लिहिलं आहेस की खोलीवर एक इंडक्शन शेगडी आहे, फ्रीज नाही, सकाळी सातला हिंगणा रोडच्या कॉलेजला निघतोस, जेवायला दोन वाजतात, तिथे डबा गरम करायची सोय नाही आणि रोज कॅन्टीनमध्ये खाणं परवडत नाही. इथे नागपुरात नंदनवन भागात आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडची मुलं शिकायला राहतात. त्यांच्या डब्यांची चौकशी माझ्याकडे असतेच, म्हणून सांगावंसं वाटलं. माझ्या मुलाच्या वयाचा असशील, तेव्हा ‘तू’च म्हणते.

पहिली गोष्ट ही की डबा गार कसा ठेवावा किंवा गरम कसा ठेवावा याच्या मागे लागूच नकोस. डब्यात पाणी जितकं कमी तितका तो टिकतो, एवढं धरून चाल. विदर्भात शेतावर जाणारी माणसं याच उन्हात भाकर, कोरडं बेसन, चटणी आणि एक कांदा फडक्यात बांधून नेत आली आहेत. ते सगळं नुसतं गरिबीचं खाणं नव्हतं, या हवेत काय टिकतं याची पक्की जाण त्यात होती. तुला वेगळं काही शोधायची गरज नाही.

कारणही समजून घे, म्हणजे पदार्थ तूच ठरवू शकशील. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासही पुष्कळ झाला, असा सर्वसाधारण नियम आहे. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. तेवढा रोज नसला तरी मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी आपण त्या ३२ च्या वरच असतो. म्हणून वरण-भात, रस्साभाजी, उसळ, पनीर, ओल्या नारळाची चटणी, दूध-खव्याचं ओलसर काहीही सात तासांच्या डब्यात नको. भाताबद्दल तर विशेष सांगते. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे उद्या कॉलेजात मायक्रोवेव्ह आला तरी सकाळचा भात दुपारी खाणं बरोबर नाही. भात रात्री खोलीवर, ताजा खा.

आता काय न्यायचं. माझं पहिलं मत कोरड्या बेसनाला. इंडक्शनवर होतं, भांडं एकच लागतं आणि डाळीचं असल्यामुळे पोटाला आधार मिळतो. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. त्यात एक कांदा बारीक चिरून लालसर होईपर्यंत परत. इथे घाई केलीस तर कांद्यातलं पाणी डब्यात उतरतं. हळद, तिखट, मीठ घालून अर्धी वाटी बेसन कोरडंच टाक आणि मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाज. मग हाताने पाण्याचा हबका मार, हलव, दोन मिनिटं झाकण ठेव, पुन्हा हबका, पुन्हा झाकण. पीठ शिजलं की झाकण काढून टाक आणि चांगलं मोकळं होईपर्यंत परतत राहा. चिमूटभर घेऊन बोटांत चोळ. बोटाला चिकटलं तर अजून ओलं आहे. शेवटी लिंबू पिळ किंवा आमचूर घाल. आंबटपणाने टिकायला थोडी मदत होते आणि गार झाल्यावरही चव लागते. पाटवडीही चांगली, पण तिच्यात पाणी बरंच असतं, म्हणून ती डिसेंबर-जानेवारीतच आणि रस्सा न घेता.

याच पद्धतीने बटाट्याच्या, कारल्याच्या काचऱ्या, भेंडी, गवारीच्या शेंगा पाणी न घालता तेलावर परतून चालतात. वरून दाण्याचं कूट घाल. पालेभाज्या, दुधी, टोमॅटो पाणी सोडतात, त्या रात्रीच्या जेवणाला ठेव.

पोळीचं म्हणशील तर साधी पोळी सात तासांत वातड होते. कणीक भिजवताना चमचाभर तेल जास्त घाल, किंवा पाण्याऐवजी दुधात भिजवून दशमी कर. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ असते, प्रवासाला म्हणूनच ती बांधून द्यायची पद्धत आहे. घरी गेलास की आईकडून तिखट-मिठाच्या पुऱ्या आण, नीट तळलेल्या आणि पूर्ण गार करून भरलेल्या असल्या तर दोन दिवस निघतात. ज्वारीची भाकर मला स्वतःला फार आवडते, पण ती उन्हाळ्यात कोरड्या हवेने दुपारपर्यंत कडक होते, थंडीत ने. लाटता येत नसेल तर आता बऱ्याच वस्त्यांत पोळी-भाजी केंद्र असतं, तिथून नुसत्या पोळ्या घे, भाजी आपली आपण कर. पैशांचा मोठा फरक भाजीतच पडतो.

चटणी मात्र हवीच, तिच्याशिवाय गार डबा घशाखाली उतरत नाही. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, अर्धी वाटी शेंगदाणे वेगळे भाज. लसणाच्या पाकळ्या तव्यावर अगदी कोरड्या होईपर्यंत परत, कारण कच्च्या लसणात ओल असते. सुक्या मिरच्या नुसत्या गरम कर. भिवापुरी मिळाली तर उत्तम, आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. सगळं गार झाल्यावर मीठ घालून जाडसर वाट. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने. पंधरा दिवस पुरेल एवढीच कर, कारण जवस दळल्यावर त्यातलं तेल लवकर खवट होतं. जास्त टिकवायची असेल तर कारळाची किंवा नुसत्या दाण्याची कर.

ज्या सकाळी उठायला उशीर झाला, त्या दिवसासाठी कोरडं घेऊन जायचं आणि पाणी तिथे घालायचं. सातूचं पीठ हे त्यातलं सगळ्यात चांगलं. भाजलेल्या गव्हाचं आणि डाळ्याचं पीठ, त्यात किसलेला गूळ आणि किंचित वेलची आधीच मिसळून पुडी बांध. कॉलेजात वाटीत पाणी घालून कालवलं की जेवण तयार. नाहीतर मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे एका डब्यात आणि कांदा, लिंबू, काकडी अख्खी दप्तरात. चिरलेला कांदा किंवा काकडी सकाळपासून बंद ठेवू नकोस, जेवायच्या वेळी चीर. फळांत केळी वर्षभर स्वस्त, संत्री हंगामात. अंडं खात असशील तर सकाळी उकडलेलं कवचासकट ने आणि पहिल्या सुट्टीतच खाऊन टाक, दोनपर्यंत ठेवू नकोस.

डबा भरण्याकडे लक्ष दे, कारण बरेच डबे स्वयंपाकामुळे नाही, तर भरण्यामुळे खराब होतात. गरम पोळ्या घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला लागतं आणि थेंब थेंब खाली पडतं. वरची पोळी ओली, आणि आतलं सगळं दोन-तीन तास कोमट, म्हणजे जंतूंना हवं तसंच. पोळ्या जाळीवर किंवा सुती फडक्यावर पसर, भाजी ताटात पसरून पंख्याखाली ठेव, हाताला गार लागली की भर. यासाठी अंघोळीआधी स्वयंपाक कर, तेवढ्या वेळात सगळं गार होतं. स्टीलचा डबा पुरे. स्वस्तातले ‘गरम राहणारे’ प्लास्टिकचे डबे घेऊ नकोस, त्यात अन्न गरम राहत नाही, कोमट राहतं. आणि गाडीने जात असशील तर डबा डिक्कीत ठेवून पार्किंगमध्ये सोडू नकोस. वरून ऊन, खालून इंजिन, आतलं काहीच वाचत नाही. दप्तरात घालून वर्गात ने, पंख्याखाली ठेव.

खर्चाचा अंदाज देते. चार पोळ्यांना साधारण १३० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम बेसन, तेल, एक कांदा, ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा तेवढी चटणी आणि एक-दोन केळी. आमच्याकडच्या भावाने हे सगळं तीस रुपयांच्या आसपास बसतं, भाव खाली-वर झाले तरी फार नाही. प्रथिनं ३० ग्रॅमच्या पुढे जातात, म्हणजे दुपारच्या एका जेवणाला भरपूर. बेसन, दाणे, जवस, गूळ महिन्याचं एकदम इतवारी-मस्कासाथच्या बाजारातून आण. दोघा-तिघा मित्रांनी मिळून आणलंत तर आणखी बरं पडेल. भाजी मात्र दोन दिवसांपुरतीच, फ्रीज नाही तर जास्त घेऊन सडवण्यात पैसे जातात.

संशय आला तर खाऊ नकोस. भाजीला तार सुटली, फसफस दिसली, आंबूस वास आला तर फेकायचंच, पण प्रत्येक वेळी वास येईलच असं नाही. म्हणून दप्तरात फुटाणे-गुळाची एक पुडी कायम असू दे, म्हणजे डबा टाकावा लागला तरी उपाशी राहून ‘खाऊन टाकू, काय होतं’ असं मनात येत नाही. पावसाळ्यात ती पुडी सादळते, घट्ट झाकणाच्या डबीत ठेव.

संध्याकाळी आल्याबरोबर डबा धू. झाकणाला रबरी रिंग असेल तर ती काढून धू, कारण तिच्याखाली तेल आणि अन्नाचे कण अडकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या भाजीलाही तोच वास लागतो. रात्रभर उघडा, पालथा ठेव. एप्रिल-मेमध्ये विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात, त्या दिवसांत भाजी नेऊच नकोस: दशमी, कोरडी चटणी, गूळ, केळं आणि मोठी पाण्याची बाटली. पोळ्या लाटायला जमत नसतील तर खाली विचार, दशमीची कणीक कशी भिजवायची ते सविस्तर लिहीन.