टँडम उडीसाठी हातावरचा कॅमेरा निवडताना
टँडम उडीचे, म्हणजे प्रशिक्षक प्रवाशाला स्वतःला जोडून घेऊन मारतो त्या पॅराशूट उडीचे, चित्रीकरण प्रशिक्षकाच्या हातावरच्या कॅमेऱ्याने करायचे असेल, तर चित्राच्या दर्जाआधी तो कुठे अडकू शकतो याचा विचार करावा. ड्रोगची (पडण्याचा वेग कमी करणाऱ्या छोट्या छत्रीची) दोरी, प्रवाशाच्या हार्नेसचे पट्टे आणि छत्रीच्या (पॅराशूटच्या) दोऱ्या हातांच्या आसपासच असतात. म्हणून मनगटाला बांधायच्या उंच माऊंटपेक्षा हाताच्या पाठीवर सपाट बसणारा, कोपरे गुळगुळीत असलेला कॅमेऱ्याचा हातमोजा मी केव्हाही पसंत करीन. तो घातल्यावर ड्रोग सोडण्याचे, बिघडलेली मुख्य छत्री अंगापासून सोडवण्याचे आणि राखीव छत्रीचे हँडल न पाहता पकडता येते का, हे जमिनीवर हार्नेस चढवून पुन्हापुन्हा तपासा, कारण बोटांची पकड थोडीही सैल करणारा मोजा कितीही चांगला असला तरी कामाचा नाही. अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारे उपकरण, झाकला जाता कामा नये.

कॅमेरा हलका आणि रुंद कोनाचा घ्या, कारण प्रवाशाचा चेहरा हातभर अंतरावरच असतो. ड्रोग लागल्यावरही वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असल्याने प्रतिमा स्थिर ठेवण्याची सोय त्यात हवीच. उंचीवरच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा ती पूर्ण भरून घ्या. मात्र टँडमचा पुरेसा अनुभव गाठीशी येईपर्यंत हात मोकळाच ठेवावा आणि चित्रीकरण सोबत उडी घेणाऱ्या स्वतंत्र कॅमेरामनकडे सोपवावे.