उशाखालचे बूट

ताई, नमस्कार.

तुमची सोळा वर्षांची मुलगी व्यसनी, घरातून पळालेल्या, सुधारगृहात अडकलेल्या मुलांच्याच कादंबऱ्या वाचते आणि आता तशीच एक लिहायला घेतलीये. तिच्या नकळत तुम्ही वही वाचलीत आणि तुमची झोप उडाली. तिचं काही बिनसलंय का, आणि यातून पोट भरेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिला तिलाच विचारा. वही वाचल्याचं आधी कबूल करा, मग सरळ म्हणा, "यातलं तुझं स्वतःचं काही आहे का?" विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते शिरत नाही. ती गप्प झाली किंवा रडली, तर करिअर राहू द्या बाजूला, आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. पण झोप, जेवण, मैत्रिणी सगळं जागेवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे मला तरी ही लेखिकेची ओढ वाटते.

तुम्ही उतरवून पाठवलेले दोन उतारे मी पुन्हा पुन्हा वाचले. पिस्तूल आणि रक्ताचा उतारा उसना आहे, दहा पुस्तकांत सापडेल. दुसऱ्यात सुधारगृहातला मुलगा चोरीला जाऊ नयेत म्हणून बूट उशाखाली घेऊन झोपतो आणि सकाळी त्याच्या गालावर नाडीचा वळ असतो. तुम्हाला हाच उतारा भयंकर वाटला. मला तो वाचून आनंद झाला, कारण या मुलीला बघता येतं.

एस. ई. हिंटन या अमेरिकन लेखिकेने 'द आउटसायडर्स' पंधरा-सोळाव्या वर्षी लिहिली. किशोरांचं खरं जगणं पुस्तकांत सापडत नाही, ही तिची चीड होती. 1967 मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर मात्र तिची लेखणी अडली. रोज दोन पानं लिहायची, अशी अट तिच्या मित्राने घातली, तेव्हा कुठे पुढची कादंबरी झाली. दोन पानांचा हा नेम तुमच्या लेकीलाही लावा.

आता पोटाचं. पहिल्या कादंबरीवर घर चालत नाही. रॉयल्टी म्हणजे पुस्तकाच्या किमतीचा लहानसा हिस्सा, तोही विक्री झाली तर. त्यामुळे पगार दुसरीकडून यायला हवा, आणि शक्यतो ती ज्यांच्यावर लिहिते त्या मुलांच्या जवळ राहता येईल अशा कामातून. समाजकार्य, मानसशास्त्र, पत्रकारिता, किशोरांसाठीचं ग्रंथालय, प्रकाशनसंस्थेत संपादन यांतलं काहीही चालेल. माझा कल समाजकार्याकडे आहे. वॉल्टर डीन मायर्स हा अमेरिकन लेखक स्वतः शाळा सोडलेला मुलगा. कोठडीतल्या मुलांशी तो बोलत राहिला, आणि 1999 मध्ये खुनाच्या खटल्यात अडकलेल्या सोळा वर्षांच्या मुलावरची 'मॉन्स्टर' ही कादंबरी लिहिली. लांबून लिहिलं की अशी मुलं एक तर राक्षस होतात नाहीतर बिच्चारी, आणि दोन्हींत त्यांच्यावर अन्यायच होतो. मात्र शिकण्यासाठी गेलं तरी कुणाची गोष्ट ओळखू येईल अशी उचलायची नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

कॉलेजची शाखा ठरवायला अजून वेळ आहे. आज वही परत द्या, माफी मागा, आणि बुटांचं ते पान मला फार आवडलं असं तिला सांगा. पुढे त्या मुलाचं काय झालं, हेही विचारून कळवा.