स्लॅप बेस, म्हणजे बेस गिटारच्या तारा आपटून-खेचून वाजवायची शैली, म्हटलं की बेसवादक लॅरी ग्रॅहमचं नाव आधी का घेतात?
कारण ही शैली रुजली ती त्याच्या अंगठ्यातून. आईबरोबर वाजवताना साथीला ड्रमर उरला नाही, तेव्हा त्याने तारेवर अंगठा आपटून बेस ड्रमचं काम भागवलं आणि बोटाने तार खेचून सोडत स्नेअर ड्रमचा कडक फटका काढला. निव्वळ गरजेपोटी! पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो ज्यात वाजवायचा त्या स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमुळे ही शैली जगभर पोचली. लुईस जॉन्सन, मार्कस मिलर, व्हिक्टर वूटन, हे बेसवादक सगळे त्याच वाटेवरचे. वूटनची बोटं जास्त चपळ आहेत, मान्य. पण मला लॅरीचं थांबणं आवडतं. दोन ठोक्यांमध्ये तो जी जागा मोकळी सोडतो ना, तिथेच आपला पाय ताल धरतो. नवशिके नेमकी तीच भरून टाकतात.