जपानी धाटणीच्या बागेत आडोशासाठी कोणते फुलझाड लावावे?

प्रश्न : बोरिवलीतील आमच्या वाडीच्या कोपऱ्यात दगड, खडी आणि लहान तळे घेऊन जपानी धाटणीची बाग केली आहे. शेजारच्या इमारतीच्या खिडक्या थेट तिच्यावर येतात. आडोशासाठी कॅमेलियाचे मोठे झुडूप लावावे का?

उत्तर : कॅमेलिया लावू नये. जपानी बागेत ते शोभते हे खरे, परंतु चहाच्या या भाऊबंदाला आम्लधर्मी जमीन आणि हिवाळ्यात चांगली थंडी लागते. मुंबईच्या दमट उष्म्यात ते झुरते, आणि आपण दोन-तीन वर्षे वाट पाहून निराश व्हावे असे मला वाटत नाही.

त्याऐवजी कामिनी, म्हणजेच कुंती, लावावी. भारतापासून चीनपर्यंत ती मूळचीच असल्याने बागेत परकी वाटत नाही, बारा महिने हिरवी राहते, कात्री सोसते आणि दहा-बारा फूट उंच होते. पावसाच्या सरींनंतर एकाच वेळी बहर येतो. संध्याकाळी सुगंध दरवळतो आणि एक-दोन दिवसांत पांढऱ्या पाकळ्यांचा सडा काळ्या दगडांवर पडतो. तो लगेच झाडून टाकू नये, एवढी विनंती.

मात्र वाडीत लिंबाची झाडे असतील तर कामिनी टाळावी, कारण लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावरही वाढते. अशा वेळी एकेरी फुलांची तगर लावावी. तिचा चीक डोळ्यांत जाणार नाही याची छाटताना काळजी घ्यावी.

झुडपे कुंपणालगतच लावण्याचा आग्रह धरू नये. खिडक्या उंचावर आहेत, त्यामुळे झुडूप बसण्याच्या जागेच्या जितके जवळ असेल तितक्या वरच्या मजल्यावरील नजर अडते. दहा फुटांचे झुडूप कुंपणाशी जे झाकत नाही, ते बाकापासून पाच-सहा फुटांवर झाकते.

लागवड जूनमध्ये, चांगला पाऊस झाल्यावर करावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे तीन फुटांवर घेऊन त्यांत माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड भरावी. पाणी साचत असेल तर फूटभर उंच गादीवाफा करावा, कारण मुंबईच्या पावसात रोपे तहानेपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने अधिक मरतात. खणताना सिमेंटचा राडारोडा निघाला तर तो पूर्ण काढून टाकावा. त्यातील चुन्यामुळे लोह मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पहिल्या वर्षी शेंडे खुडावेत, म्हणजे बुंध्यापासून फांद्या फुटतील. पुढे बहर ओसरल्यावरच छाटणी करावी आणि झुडपाचा खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद ठेवावा. वर घेर वाढला की खाली ऊन पोचत नाही आणि आडोसा नेमका तळाशी उघडा पडतो.

फुलांची हौस कॅमेलियासारख्या मोठ्या पांढऱ्या फुलाची असेल तर आडोशाच्या पुढे, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी, अनंताची दोन-तीन रोपे लावावीत. आपल्या अंगणातला हा अनंत चीन-जपानकडचाच असून जपानमध्ये त्याच्या फळांपासून खाद्यपदार्थांसाठी पिवळा रंग काढतात. तो कामिनीइतका उंच होत नाही आणि त्याच्यावर पिठ्या ढेकूण येतो; म्हणून पानांच्या मागची बाजू दर आठवड्याला पाहावी आणि कापसासारखे पुंजके दिसताच ती फांदी कापून नष्ट करावी.