खडे का, फुलं का नाहीत?

प्रश्न : प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीत थडग्यांवर फुलांऐवजी खडे दिसले. दगडही वेडेवाकडे, एकमेकांवर रेललेले. देखभाल होत नाही का?

उत्तर : होते की! ज्यूंमध्ये पुरलेल्या माणसाला सहसा हलवत नाहीत. जागा वाढवून मिळेना, तेव्हा वर माती टाकून नवे थर रचले, काही ठिकाणी तर बारा. खालचे दगडही वर आणून बसवले, म्हणून ही दाटी. सर्वांत जुना दगड १४३९ चा. १७८७ नंतर तिथे दफन झालं नाही. खडा म्हणजे ‘येऊन गेलो’ची खूण. दगडावर दोन पंजे कोरलेले असतील तर माणूस कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला. सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांना मदत करणाऱ्या घराण्यातला. प्रागचे नामवंत ज्यू धर्मगुरू रब्बी लोव यांच्या थडग्याच्या फटीत मात्र लोक नवसाच्या चिठ्ठ्या खोचतात. आपल्याकडचीच मंडळी वाटावीत!