स्वीडनमध्ये पीएच.डी.साठी ‘पार्शल फंडिंग’ म्हणजे उरलेले पैसे विद्यार्थ्याने आणायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) नंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) केलंय, म्हातारी माणसं घरात पडतात त्यावर काम करायचंय, स्टॉकहोमच्या एका प्राध्यापिकेशी ईमेल चालू आहेत. त्या बाई आपल्या विद्यापीठाच्या ‘डॉक्टरल विद्यार्थ्यांसाठी अंशतः निधी’ (पार्शल फंडिंग) योजनेत अर्ज करणार आहेत आणि प्रोजेक्ट प्लॅन लिहायला तुमची मदत मागताहेत. उरलेले पैसे तुम्ही आणायचे का, अर्जात काय असतं, आणि भारतातल्या नेट परीक्षेची तयारी सोडायची का? घरचे म्हणे कर्जाची चौकशी करायला लागलेत.

कर्जाची चौकशी आधी थांबवा. स्वीडनमध्ये पीएच.डी.ला फी नाही, कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला नाही. आणि पार्शल फंडिंगमधला ‘उरलेला भाग’ विद्यार्थ्याच्या खिशातून येत नाही, तो गाईडने उभा करायचा असतो. तुमच्याकडे कोणी पैसे मागितलेच, तर तो माणूस विद्यापीठाचा नाही असं धरून चाला.

मी नर्सिंगमधून स्वीडनला आले, इथेच पीएच.डी. केली, आणि आता सहमार्गदर्शक म्हणून अशा अर्जांचे प्लॅन आणि बजेटं लिहिण्यात माझा हात असतो. त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगते.

आपल्याकडे फेलोशिप नावावर येते. नेट-जेआरएफ निघाली की पत्र तुमच्या नावाचं, गाईड बदलला तरी फेलोशिप तुमचीच. इथे उलटं. पैसा गाईडच्या किंवा विभागाच्या खात्यावर येतो आणि त्या पैशातून विद्यापीठ तुम्हाला नोकरीवर ठेवतं. डॉक्टरल विद्यार्थी म्हणजे इथे रीतसर पगारी कर्मचारी: पेन्शन, भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा सगळं. मुलासाठी रजा घेतली तर तेवढी मुदत पुढे वाढते. म्हणून अर्जदार त्या बाई आहेत, तुम्ही नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाची केआयडी नावाने ओळखली जाणारी योजना याच धाटणीची: नव्या डॉक्टरल विद्यार्थ्याच्या खर्चातला काही वाटा विद्यापीठ देतं, बाकीचा गाईडने आपल्या ग्रँटमधून किंवा इतर ठिकाणाहून घालायचा.

विद्यापीठं पूर्ण पैसे का देत नाहीत? कारण अर्धा खर्च स्वतः घालणारा गाईड विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडत नाही, असा हिशोब आहे. हिशोब चुकीचा नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे: ज्याच्याकडे आधीच ग्रँट आहे त्यालाच आणखी मिळतं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या गटांना उरलेला वाटा दाखवणं जड जात नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांच्या विभागांत पैशाची आवक मुळात कमी, आणि नवख्या गाईडची तर पंचाईतच होते. मला हे पटत नाही, पण नियम असे आहेत.

आता मुख्य मुद्दा, आणि तुम्ही त्या बाईंना विचारायचा पहिला प्रश्न: उरलेला वाटा कुठून येणार, आणि तो किती वर्षांचा आहे?

हे विचारणं आगाऊपणा नाही. इथली पीएच.डी. पूर्णवेळ चार वर्षांची, त्यांच्या मोजणीत २४० क्रेडिटची. शिकवणं वगैरे विभागाचं काम अंगावर घेतलंत, आणि ते जास्तीत जास्त २० टक्के असतं, तर पाच वर्षांपर्यंत जाते. आणि बाहेरच्या ग्रँट बहुतेक तीन वर्षांच्या असतात. म्हणजे बाईंकडे आज ग्रँट असली, तिचं एक वर्ष उलटून गेलेलं असलं, तर तुमची शेवटची दोन वर्षं कागदावर कोरी. अशा वेळी विभागप्रमुख लिहून देतात की कमी पडलं तर विभाग भरेल. अर्जासोबतचं सहवित्ताचं पत्र ते हेच. माझ्या मते अख्ख्या अर्जात सगळ्यात वजनदार कागद हा, कारण संशोधन कितीही सुंदर असो, ही सही नसेल तर पुढे काही हलत नाही. स्वीडनच्या उच्च शिक्षणाच्या १९९३च्या नियमावलीतच आहे की ज्यांच्या खर्चाची आणि मार्गदर्शनाची सोय आहे तेवढेच विद्यार्थी घ्यायचे. उरलेला वाटा अर्धवट ठेवून ‘पुढचं पुढे बघू’ म्हणता येत नाही.

बजेटमध्ये एक जागा अशी आहे की तिथे अनुभवी माणसंही फसतात. समजा योजना ‘पन्नास टक्के’ देते, तर ते कशाचे? पगाराचे की खर्चाचे? पगाराच्या दर १०० क्रोनांवर नोकरी देणाऱ्याला कायद्याने ३१.४२ क्रोना सामाजिक योगदान भरावं लागतं. त्यावर कामगार कराराप्रमाणे पेन्शन आणि विमा. ते सगळं धरून आकडा १५० च्या आसपास किंवा वर जातो. मग विद्यापीठाचा ओव्हरहेड: जागा, लायब्ररी, आयटी, प्रशासन. आणि विद्यार्थ्याचा पगार जिन्यासारखा चढतो, अभ्यासाचा ठरावीक टप्पा पार केला की वाढ. पहिल्या वर्षाचा पगार घेऊन त्याला चारने गुणणारं बजेट म्हणूनच चौथ्या वर्षी तोंडघशी पडतं. योजनेची रक्कम कुठल्या आकड्याचा वाटा आहे हे अर्जाच्या सूचनांत दिलेलं असतं, आणि विभागाच्या अर्थविभागातला माणूस ते दहा मिनिटांत मांडून देतो. बाईंनी त्याच्याकडून आकडे घेतलेत का, एवढं विचारलं तरी पुरे.

आता प्लॅन. तुमची मदत त्यात हवी आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आरोग्यविज्ञानात इथला प्रबंध बहुतेक वेळा एकसंध जाडजूड ग्रंथ नसतो. तीन-चार शोधनिबंध आणि त्यांना बांधणारा एक सारांश, असा असतो. त्यामुळे प्लॅनही तसाच उपअभ्यासांत मांडायचा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि प्रत्येकापुढे विदा (डेटा) कुठून, विश्लेषण कसं, केव्हा. तपासणारे ‘ही कल्पना किती थोर’ हे पाहतात, पण त्याहून जास्त ‘नवखा विद्यार्थी हे चार वर्षांत पुरं करेल का’ हे पाहतात. योजना विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी आहे, हे बरेच गाईड विसरतात आणि आपल्या मोठ्या प्रकल्पाची माहितीच परत चिकटवतात. त्यातलं विद्यार्थ्याचं काम कोणतं ते मग शोधावं लागतं.

तुमच्या विषयाचंच घ्या. समजा प्लॅनमध्ये असं लिहिलं: ‘पहिला उपअभ्यास, घरात पडलेल्या पंचवीस वृद्धांच्या सविस्तर मुलाखती.’ तपासणारा पहिल्याच वाचनात अडेल: मुलाखती कोण घेणार? ऐंशी वर्षांची स्वीडिश आजी इंग्रजीत मोडकंतोडकं बोलेलही, पण बाथरूममध्ये पडल्यानंतर दोन तास तशीच पडून राहिले, मुलीला सांगितलं नाही, हे ती स्वतःच्या भाषेतच सांगणार. स्वीडिश न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्लॅनमध्ये हा अभ्यास पहिला ठेवला तर अर्ज तिथेच लंगडा होतो.

त्याऐवजी आधीच गोळा झालेल्या डेटावर पहिले दोन अभ्यास बेतता येतात. स्टॉकहोममध्येच कुंग्सहोल्मेन भागातल्या साठीपुढच्या लोकांचा ‘स्नॅक-के’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास २००१ पासून चालू आहे. सुरुवातीला त्यात ३,३६३ माणसं होती, आणि त्यांना ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासतात. ‘सीनियर अलर्ट’ ही राष्ट्रीय गुणवत्ता नोंदवही आहे, तिच्यात वृद्धांच्या पडण्याच्या जोखमीच्या नोंदी असतात. राष्ट्रीय रुग्ण नोंदवहीतून मांडीचं हाड मोडून दाखल झालेले लोक सापडतात. एमपीएचमध्ये शिकलेलं एपिडेमिऑलॉजी (लोकसंख्येतल्या आजारांचा अभ्यास) इथे थेट कामाला येतं. मुलाखतींचा अभ्यास तिसरा किंवा चौथा ठेवा. तोवर तुमचं स्वीडिश सुधारेल, आणि नाहीच सुधारलं तर स्वीडिश बोलणारी सहकारी मुलाखत घेईल असं प्लॅनमध्ये आधीच लिहा.

नोंदवहीतला विदा म्हटलं की दोन गोष्टी वेळापत्रकात आल्याच पाहिजेत. एक, नैतिक परवानगी. माणसांच्या आरोग्याच्या माहितीवर काम करायचं तर २०१९ पासून देशभरासाठी एकच नैतिक परीक्षण प्राधिकरण आहे, तिथून मंजुरी लागते. अर्ज करतानाच ती हातात असेल किंवा अर्ज तिकडे गेलेला असेल, तर प्लॅनचं वजन वाढतं. दुसरी, मंजुरीनंतरही विदा हातात यायला महिनोन् महिने लागतात. पहिल्या उपअभ्यासासाठी गटाकडे असलेलाच विदा असावा, नाहीतर पहिलं वर्ष कोर्स करत आणि ईमेलची वाट बघत जातं.

गाईडचा स्वतःचा इतिहासही तपासला जातो: आधी किती विद्यार्थी पदवीपर्यंत नेले, किती मध्येच सोडून गेले, दुसरा गाईड कोण. किमान दोन मार्गदर्शक असावेच लागतात. एकाला वृद्धांच्या पुनर्वसनाची जाण आणि दुसऱ्याला संख्याशास्त्राची, अशी जोडी तुमच्या विषयाला फार चांगली. हे अर्जासाठी सांगतेय, पण खरं तर तुमच्यासाठीच सांगतेय. बाईंचे आधीचे दोन-तीन विद्यार्थी शोधा आणि त्यांना थेट लिहा. लोक उत्तर देतात.

आता जरा कडू गोष्ट. निधी मिळाला म्हणजे जागा तुमची, असं नाही. डॉक्टरल जागेची सहसा खुली जाहिरात द्यावी लागते, आणि तुम्ही प्लॅन लिहायला मदत केलीत म्हणून इतरांच्या आधी तुमचा नंबर लागत नाही. विषय तुम्हाला आतून माहीत असतो, मुलाखतीत त्याचा फायदा होतो, तेवढाच. म्हणून मदत किती करायची हे आताच ठरवा. पार्श्वभूमीचं एखादं पान, भारतातल्या अनुभवाचा परिच्छेद, उपअभ्यासांवर एक-दोन व्हिडिओ कॉल, इथपर्यंत ठीक. पूर्ण प्लॅन तुम्ही लिहायचा, आकडेमोड तुम्ही करायची आणि नाव कुठेच नाही, हे फुकटचं काम झालं. बाईंना सरळ विचारा, ‘निधी मिळाल्यावर भरती कशी होणार?’ चांगली माणसं याचं स्पष्ट उत्तर देतात. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच.

आणखी एक वाट असते, तुम्हाला आज लागू नाही पण ऐकून ठेवा. इथली आरोग्यसेवा २१ रीजन, म्हणजे प्रादेशिक प्रशासनं, चालवतात. रीजनच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स म्हणून नोकरी करता करता अर्धवेळ पीएच.डी. करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा संशोधनाचा वेळ रीजन देते, म्हणजे सहवित्ताचा प्रश्न तिथेच सुटतो, आणि मुदत आठ वर्षांपर्यंत पुरते. पण त्यासाठी इथला व्यावसायिक परवाना लागतो, आणि युरोपबाहेरून आलेल्यांना परवान्यासाठी स्वीडिश सी-१ (म्हणजे बऱ्याच वरच्या) पातळीचं लागतं. ते एका वर्षात होत नाही.

जागा मिळाली तर घरच्यांना एका गोष्टीची आधीच कल्पना द्या. पहिला करार एकाच वर्षाचा असतो. माझ्या वडिलांनी तो पाहून ‘एका वर्षात हाकलतील’ असा निष्कर्ष काढला होता. नियमच तसा आहे: पहिला करार जास्तीत जास्त एका वर्षाचा, पुढचे एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचे. अभ्यास ठरल्याप्रमाणे चालू असला की नूतनीकरण होतं. त्याचा आधार म्हणजे तुमची वैयक्तिक अभ्यास योजना. ती गाईडसोबत बसून वेळच्या वेळी अद्ययावत करा, कारण उद्या कुरबूर झालीच तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच असतो.

नेटची तयारी सोडू नका. ‘सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ’ विषयातून देत असाल तर चालूच ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० झाली आहे, दोन वर्षांनी एसआरएफला (पुढच्या टप्प्याच्या फेलोशिपला) ४२,०००, घरभाडं वेगळं. पुण्या-मुंबईत संसार चालवायला ही रक्कम फार नाही, पण ती तुमच्या नावावर असते. इकडे अर्ज, निकाल, जाहिरात, मुलाखती आणि मग निवास परवाना, यात वर्ष सहज जातं, आणि निकाल नकारातही येऊ शकतो. बऱ्याच चांगल्या अर्जांचा पहिल्या फेरीत नंबर लागत नाही, पुढच्या फेरीत तोच प्लॅन सुधारून लागतो.

बाईंना प्रश्न पाठवायचे असतील तर जूनच्या मध्याआधी पाठवा. जुलैमध्ये अख्खा देश सुट्टीवर असतो. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका, ऑगस्टच्या मध्यानंतर एकदा आठवण करा.