घरच्या पाळणाघरात तापलेलं मूल घ्यायचं की परत पाठवायचं?

ताई, तुम्ही बेळगावच्या शहापुरात घरीच पाच-सहा मुलं सांभाळता; तापलेलं पोर दारात सोडून आई कामावर पळते, तिला नाही कसं म्हणायचं, हा तुमचा प्रश्न. नाही म्हणायची वेळ ती सकाळ नव्हे. मूल दाखल करतानाच नियम कागदावर लिहून सही घ्या, घर कन्नड असेल तर कन्नडमध्ये.

ताप कपाळाला हात लावून ठरवू नका, थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट झाला की फोन. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच परत घ्यायचं. सकाळी पॅरासिटामॉल पाजून आणलेलं पोर अकराला पुन्हा फणफणतं, म्हणून दारातच विचारा, "औषध कितीला दिलं?" जुलाब-उलट्या थांबल्यावर 48 तास, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. नुसती सर्दी चालू द्या, नाहीतर बेळगावच्या पावसाळ्यात तुमचं घर ओस पडेल!

मनाने औषध पाजू नका. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 250. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं तर डोस कुठल्या कुठे जातो.

ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं 1 लिटर पाण्यात, पेल्यात चिमूटभर नाही. लंगोट बदलल्यावर हात साबणानेच धुवा. जुलाबाच्या विषाणूंवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

झटका आला, धाप लागली किंवा मूल उठवूनही उठेना, तर आधी 108, मग आईला फोन.